पंख्याची नाडीपरीक्षा

मोटारीच्या रेडिएटरमागे प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला पंखा हा गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग होय. गाडी घेताना गिऱ्हाईक डिकी केवढी, स्क्रीन किती इंची, मायलेज किती, रंग किती हे सगळे विचारते. पंख्याला पाती किती हे शोरूममध्ये कोणी विचारत नाही. असा काही पंखा आहे ही बातमी मालकापर्यंत पोचते ती तो बंद पडल्यावर.

पंख्याचे काम कळायला आधी इंजिनाचा उधळा स्वभाव कळावा लागतो. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिच्यातला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाके फिरवायला कामी येतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून हवेत जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. म्हणजे लिटरला शंभराच्या वर रुपये मोजणारा मालक त्यातले पंचवीस-तीस निव्वळ पाणी तापवायला देत असतो. हाच गृहस्थ घरी गिझर पाच मिनिटे जास्त चालू राहिला की बाथरूमचे दार वाजवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते, नळ्यांवरून वारा जातो, पाणी निवते आणि परत इंजिनात शिरते. गाडी साठ-सत्तरच्या वेगाने धावत असली की समोरून येणारा वारा या कामाला पुरतो आणि पंखा रिकामा असतो. त्याची गरज पडते ती सिग्नलला, टोलनाक्यावर आणि घाटात, म्हणजे मालकाचे स्वतःचे डोके तापते नेमके तिथेच.

जुन्या गाड्यांत पंख्याच्या निदानाला वाव नव्हता. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये किंवा मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन फिरले की पंखा फिरला. पट्टा तुटला तर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो तिघेही एकदम थांबत, त्यामुळे मतभेदाला जागाच उरत नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते; पट्ट्याने पंखा फिरवून तो रेडिएटरसमोर आणण्याची सोय त्यात राहिली नाही, म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली. पंखा स्वतंत्र झाला आणि बंद पडायलाही मोकळा झाला. मागची चाके फिरवणाऱ्या काही दणकट गाड्यांत पंखा अजून इंजिनावरच असतो, मध्ये सिलिकॉन तेलाची जोडणी असते. तिची परीक्षा सोपी आहे. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवावा. अडखळत फिरला तर ठीक, गरगरा फिरला तर तेल गळाले. पुढचे सगळे विवेचन विजेच्या पंख्याचे आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे.

विजेचा पंखा स्वतःच्या मर्जीने लागत नाही. त्याला हुकूम मिळण्याची पद्धत सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी आहे. पाण्यात बुडालेला सेन्सर हा कारकून. तापमान किती झाले याची टिप्पणी तो वर पाठवतो. ती वाचतो इंजिनाचा संगणक, गॅरेजच्या भाषेत ईसीयू. हे साहेब. साहेब स्वतः कधी खुर्चीतून उठत नाहीत. पाव अँपिअरहूनही कमी प्रवाहाची बारीकशी सही ते रिले नावाच्या शिपायाकडे देतात, आणि शिपाई ती दाखवून दहा-पंधरा अँपिअरचा जाड प्रवाह पंख्याच्या मोटरकडे सोडतो. वाटेत फ्यूज हा लेखापाल बसलेला असतो. मंजुरीबाहेर खर्च झाला की तो जळतो. एरवी रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची वाट अडवून बसलेला थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो, पंखा ९५ ते १०० च्या आसपास लागतो आणि पाच-सात अंश उतरले की थांबतो. पंखा लागला नाही तर या साखळीत कोणाचा डोळा लागला आहे ते शोधायचे, एवढेच निदानाचे काम.

तापमान कळावे म्हणून डॅशबोर्डवर काटा असतो आणि काटा मुत्सद्दी असतो. पाणी ८५ अंशांवर असो की १०० वर, बऱ्याच गाड्यांतला काटा मुद्दाम मधल्या रेघेवरच बसवून ठेवलेला असतो, कारण काटा सारखा हलताना दिसला की माणसे उगाच घाबरतात. तो मधली रेघ सोडतो तेव्हा घाबरण्याची वेळ निघून गेलेली असते. अलीकडच्या कित्येक लहान गाड्यांत काटाही नाही. इंजिन गार असताना निळा दिवा, फार तापले की लाल दिवा आणि मधल्या सगळ्या काळात मौन. निळा दिवा म्हणजे एसी चालू, असे समजणारा मोठा वर्ग आहे. लाल दिवा लागला की तोच वर्ग हँडब्रेक खाली आहे ना ते बघतो.

बिघाडाचे मुख्य लक्षण एकच आहे. गाडी पळते तोवर सारे ठीक, थांबली की तापमान चढते. पाणी कमी असेल किंवा पंप गेला असेल तर गाडी पळतानाही तापते. थांबल्यावरच तापत असेल तर संशय पंख्यावर. इतके स्पष्ट लक्षण वैद्यकातही क्वचित सापडेल. अडचण अशी की ते दिसते तेव्हा गाडीत पाच माणसे असतात. लागून आलेली सुट्टी, शनिवारची सकाळ, खंडाळ्याचा घाट, पहिल्या गिअरात सरकणारी रांग. चढामुळे इंजिनावर ताण, वेग नाही म्हणून वारा नाही, आणि पंखा स्वस्थ.

"काहीतरी जळाल्याचा वास येतोय."

"तो पुढच्या ट्रकचा. क्लच जळतोय त्याचा."

"पण वाफ आपल्या बॉनेटमधून येतेय."

"धुकं आहे ते. लोणावळा जवळ आलं ना."

मे महिन्यातल्या साडेअकरा वाजता लोणावळ्यात धुके नसते, हे मागच्या सीटवरून लक्षात आणून दिले जाते आणि मग लाल दिव्याला मान्यता मिळते. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा असे शास्त्र सांगते. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे दडलेला छोटा रेडिएटरच; तो इंजिनातली उष्णता ओढून प्रवाशांच्या अंगावर सोडतो आणि तेवढा भार हलका करतो. उपाय अगदी खरा आहे. मागे सासू-सासरे बसलेले असताना तो अमलात आणणारा जावई मात्र विरळा.

"जावईबापू, गरम हवा येतेय हो इकडे."

"हो, मुद्दामच सोडलीय."

हा संवाद पुढे कित्येक लग्नकार्यांत पंक्तीला सांगितला जातो आणि दरवेळी त्यातले तापमान वाढत जाते.

गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले की एक अनोळखी गृहस्थ हजर होतात. ते कुठून येतात हे कळत नाही, पण त्यांचा सल्ला ठरलेला असतो. "झाकण उघडा, पाणी घाला." महाराष्ट्रात सर्वत्र फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांत याच्याइतका धोक्याचा दुसरा नसेल. रेडिएटरचे झाकण ही दाबाची झडप असते. तिच्यावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो आत किती बार दाब राहील ते सांगतो. त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास उकळते, आणि निम्मे कूलंट मिसळलेले असेल तर आणखी वर. झाकण फिरवले की दाब जातो, आणि ११० अंशांवर निमूट बसलेले पाणी त्याच क्षणी उसळून वर येते. अनुभवी सल्लागार म्हणूनच सल्ला देऊन झाल्यावर दोन पावले मागे सरकतात. तापलेल्या इंजिनावर बाटलीतले गार पाणी ओतणे हा दुसरा लोकप्रिय प्रयोग. त्याने धातूला तडा जाऊ शकतो. खरा उपाय म्हणजे इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबणे. तो कोणाला पटत नाही, कारण त्यात आपण काही करतो आहोत असे दिसत नाही.

निवलेली गाडी पुढे तज्ज्ञांच्या हाती जाते. तज्ज्ञ चार प्रकारचे असतात: मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, रेडिएटरवाला आणि एसीवाला. पंखा एकच असला तरी त्याच्या चतुःसीमा या चौघांत वाटलेल्या आहेत. मेकॅनिक बॉनेट उघडतो, एक्सलेटर दोनदा ओढतो, मान वाकडी करून ऐकतो.

"हेड उतरवावं लागेल, साहेब."

"पण पंखाच फिरत नाहीये."

"पंखा बघू नंतर. आधी हेड."

हेड गॅस्केट गेले की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइलमध्ये पाणी मिसळून ते पांढुरके होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. यांतले काहीही नसताना हेड उतरवायचे कारण नसते. मात्र बंद पंख्यानिशी गाडी आणखी महिनाभर चालवली तर ही सारी लक्षणे रीतसर दिसू लागतात आणि मेकॅनिकचे भाकीत खरे ठरते. इलेक्ट्रिशियन हेडकडे ढुंकूनही बघत नाही. तो वायरचा एक जुडगा बाहेर ओढतो आणि त्याच्या व्यवसायातला पहिला प्रश्न विचारतो: "याला आधी कोणी हात लावला होता?" उत्तर काहीही दिले तरी त्याची मान नकारार्थीच हलते. रेडिएटरवाल्याच्या मते रेडिएटर चोक झाला आहे. एसीवाला गेज लावून गॅस कमी असल्याचे सांगतो. गॅस कमी नसलेली गाडी त्याच्याकडे अजून यायची आहे. चौघेही प्रामाणिक असतात. प्रत्येकाचे निदान त्याच्या हातात त्या घडीला असलेल्या हत्याराशी तंतोतंत जुळते.

वास्तविक तपासाचा क्रम ठरलेला आहे आणि तो फुकटापासून महागाकडे जातो. गॅरेजमध्ये तो उलटा चालतो, कारण फुकटाच्या तपासणीचे बिल करता येत नाही.

पहिली पायरी म्हणजे गार इंजिनात पाणी आहे का ते बघणे. बाजूच्या पांढऱ्या टाकीत दोन रेघांच्या मध्ये पातळी दिसली की मालकाचे समाधान होते, पण टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असेही होऊ शकते. पाणी कमी असले किंवा आत हवा अडकली असली की सेन्सर हवेच्या पोकळीत लटकत राहतो. इंजिन तापल्याचे त्याला कळतच नाही आणि तो वर सगळे कुशल असल्याचे कळवतो. पंखा लागत नाही, पण पंखा निर्दोष असतो. जुन्या गाड्यांत याहून मजेचा प्रकार घडे. त्यांत पंख्याचा स्विच थेट रेडिएटरमध्ये असे. थर्मोस्टॅट अडकून बंद राहिला की गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नसे. इंजिन पेटायच्या बेतात आणि रेडिएटर थंडगार. वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गार लागतो, एवढ्यावरून ते ओळखता येते. तरीही अशा प्रसंगी पंख्याच्या कितीतरी मोटरी बदलल्या गेल्या. त्यांना न्याय मिळालेला नाही.

दुसरी पायरी म्हणजे एसीचे बटण दाबणे. बहुतेक लहान गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखाही लागतो. म्हणजे एसीवर पंखा फिरला आणि तापमानावर फिरला नाही, तर मोटर बरी आहे, संशय सेन्सरकडे वळवावा. एसीवरही फिरला नाही तर फ्यूज, रिले, वायर आणि मोटर या चौघांकडे बघावे. एका बटणात निम्मे निदान संपते. ही पायरी जवळजवळ नेहमी गाळली जाते, आणि त्याचे कारण असे दिसते की ती कोणालाही जमण्यासारखी आहे.

तिसरी पायरी फ्यूजची. कोणता फ्यूज कशाचा, हे फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते की ते वाचायला लागणारा चष्मा नेमका घरी राहिलेला असतो. मग एकेक फ्यूज उपसला जातो आणि परत कुठे घालायचा यावर चर्चा होते. पंख्याचा फ्यूज बहुधा ३० अँपिअरचा, हिरवा. जळाला असेल तर त्याच आकड्याचा घालायचा आणि तो का जळाला हेही विचारायचे, कारण जाम झालेली मोटर जास्त प्रवाह ओढते आणि नवा फ्यूजही त्याच वाटेने जातो. "कशाला रोज रोज फ्यूज घालायचा?" म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे कारागीर आहेत. ती तार जळत नाही हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तिच्याऐवजी बाकीचे वायरिंग जळते.

चौथी पायरी रिलेची, आणि तिथे माणसाचा खरा कल दिसतो. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. "३० ला करंट आहे, ८७ ला नाही" असे इलेक्ट्रिशियन म्हणतो तेव्हा मालक गंभीरपणे मान डोलावतो. लॉटरीचा आकडा सांगितला असता तरी त्याने तशीच डोलावली असती. रिले तपासायची घरगुती पद्धत सोपी आहे. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर दोघांची अदलाबदल करावी. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला की दोषी सापडला. नवा रिले फार महाग नसतो, तो मिळेपर्यंत पंखा हॉर्नच्या रिलेवर सुखाने चालेल. पण ही व्यवस्था कोणी एक दिवसही मान्य करत नाही. पंख्याशिवाय गाडी चालवायला मालक तयार असतो, हॉर्नशिवाय नाही.

त्यानंतर मोटर. तिचा प्लग काढून बॅटरीपासून दोन वायरी थेट द्याव्यात. फिरली तर जिवंत. काही मोटरी एरवी फिरत नाहीत, पण पाठीवर पान्याचा हलका टोला बसला की फिरू लागतात. आतले कार्बन झिजले आहेत असा याचा अर्थ, आणि ती लवकरच टोल्यालाही दाद देणार नाही. मात्र टोल्यानंतर पंखा फिरला की मालक म्हणतो, "झालं की काम!" आणि पाना डिकीत ठेवून गाडी वर्षभर वापरतो. दर सिग्नलला ड्रायव्हर उतरून बॉनेट उघडतो, टोला देतो, परत बसतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, कारण त्यांचे रिले शाबूत असतात. पाती हाताने फिरवून बघायची असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. किल्ली काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा अचानक लागतो, आणि बोटे दहाच असतात.

सेन्सरची परीक्षा स्वयंपाकघरात होते, आणि या विषयावरच्या घरगुती इतिहासाचा मोठा भाग तिथेच घडलेला आहे. सेन्सर तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तेव्हा तो काढून भांड्यात पाण्यात ठेवायचा, थर्मामीटर आणि मल्टीमीटर लावायचा, गॅस पेटवायचा.

"हे काय उकळतंय?"

"सेन्सर."

"चहाच्या पातेल्यात?"

कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, त्यामुळे ते पातेले पुन्हा चहाला वापरू नये. हा मुद्दा वेगळा मांडावा लागत नाही; तो जास्त जोरकस शब्दांत आधीच मांडला गेलेला असतो. जुन्या पद्धतीचा स्विच असेल तर आणखी एक अडचण येते. तो ९५ अंशांच्या पुढे कुठेतरी जोडला जातो, आणि पाणी मुंबईत शंभरला उकळले तरी पुण्यात ९८ लाच उकळते. साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात तर ते साडेपंचाण्णवच्या आसपासच उकळू लागते. तिथल्या पातेल्यात ९८ अंशांचा स्विच कितीही वेळ उकळला तरी तो लागणार नाही. स्विच खराब असल्याचा निष्कर्ष मात्र निघेल.

पंख्याला दोन वेग असतील आणि त्यातला हळू वेग तेवढा गेला असेल तर रेझिस्टर जळाला समजावे. मोटर बदलू नये.

अलीकडे या सगळ्यावर स्कॅनर आला आहे. मोबाइलला जोडता येणारा छोटा स्कॅनर घरोघरी पोचल्यापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाचव्या जातीचा तज्ज्ञ तयार झाला. हा तज्ज्ञ हाताला ग्रीस लागू देत नाही. गाडी पी ०४८० असा कोड दाखवते. त्याचा अर्थ पंख्याच्या नियंत्रणाच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढाच. वायर, रिले, प्लग काहीही असू शकते. पण सर्किट हा शब्द वाचून होईपर्यंत नवा पंखा ऑर्डर झालेला असतो. सेन्सरची वायर तुटली की संगणकाला इंजिनाचे तापमान उणे ४० अंश दिसते. मे महिन्यात सोलापुरात उभ्या असलेल्या गाडीने उणे ४० दाखवले की खरे तर तिथेच निदान संपायला हवे. प्रत्यक्षात "थंड आहे की गाडी, उगाच घाबरता" असे म्हणून काम बंद केल्याची उदाहरणे आहेत.

इतके सारे करूनही दोष सापडला नाही, किंवा शोधायचा कंटाळा आला, की 'डायरेक्ट' हा रामबाण निघतो. पंख्याची वायर सेन्सर, संगणक आणि रिले या सगळ्यांना वळसा घालून थेट किल्लीला जोडायची. किल्ली फिरवली की पंखा चालू, काढली की बंद. "आता टेन्शनच नाही, साहेब." याच बैठकीत थर्मोस्टॅट काढून टाकण्याचीही शिफारस होते: "आपल्याकडे कशाला लागतो तो, थंड देशांसाठी असतो." वस्तुतः थर्मोस्टॅटचे काम इंजिन लवकर गरम करणे हे आहे, आणि इंजिन नाशिकचे असो की नॉर्वेचे, गरम झाल्याशिवाय ते नीट चालत नाही. थर्मोस्टॅट नसलेल्या, पंखा सतत फिरणाऱ्या गाडीचे इंजिन डिसेंबरच्या सकाळी नाशिकहून सिन्नरपर्यंत गार ते गारच राहते, संगणक ते गार आहे म्हणून जास्त पेट्रोल सोडतो आणि मायलेज उतरते. मग मालक मायलेजची तक्रार घेऊन त्याच गॅरेजमध्ये जातो. "याला आधी कोणी हात लावला होता?" हा प्रश्न तिथेही विचारला जातो.

पंखा लागत नाही याच्या उलट तक्रार म्हणजे तो थांबत नाही. यातला अर्धा भाग तक्रारच नसतो. गाडी बंद केल्यावरही काही मिनिटे पंखा फिरत राहावा अशी काही गाड्यांची रचना असते, कारण पंप थांबला की इंजिनात साठलेली उष्णता पाण्यात उतरते आणि तापमान थोडे चढते. हे वॉचमनला ठाऊक नसते.

"साहेब, तुमची गाडी चालूच राहिलीय."

"बंद केलीय मी. किल्ली ही बघ."

"मग आतून कोण आवाज करतंय?"

यावर उत्तर द्यायला चार जण खाली उतरतात, आणि ते बॉनेटपाशी पोचेपर्यंत पंखा थांबतो. दुसऱ्या दिवसापासून ती गाडी झपाटलेली म्हणून ओळखली जाते. खरी तक्रार तेव्हा, जेव्हा गार इंजिन सुरू करताच पंखा पूर्ण जोरात लागतो आणि थांबायचे नाव घेत नाही. बहुतेक वेळा सेन्सर गेलेला असतो. कारकून गैरहजर असेल तर सर्वांत वाईट धरून चालावे, असा नियम संगणकाला घालून दिलेला असतो. खऱ्या कचेरीत हा नियम आढळत नाही. सेन्सर बरा असेल तर रिलेचे पॉइंट चिकटले असतील, आणि अशी गाडी रात्रभर उभी ठेवली तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. बॅटरी उतरली म्हणून नवी बॅटरी येते. तीही रात्री उतरते.

तिसरा प्रकार सर्वांत धूर्त. पंखा लागतो, वेळेवर लागतो, जोरातही फिरतो आणि गाडी तरीही तापते. मोटर बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो. रेडिएटरमागचा पंखा समोरची हवा आत ओढण्यासाठी असतो. उलटा झालेला पंखा इंजिनाची गरम हवा रेडिएटरवर फेकतो, आणि गाडी धावताना समोरून येणाऱ्या वाऱ्याशी त्याची झुंज चालते. गाडी थांबल्यावरही तापते, पळतानाही तापते. हे ओळखायला देवघरातली उदबत्ती पुरते. पंखा चालू असताना ती ग्रिलसमोर धरावी. धूर आत ओढला गेला तर पंखा सरळ, तोंडावर आला तर उलटा. कागदाचा कपटाही चालतो, तो ग्रिलला चिकटून राहायला हवा. उदबत्तीचा एक जास्तीचा फायदा असा की बघणाऱ्यांना गाडीची पूजा चालली आहे असे वाटते आणि कोणी सल्ला देत नाही.

पूजेवरून आठवते, दसऱ्याला ग्रिलभर आडवी बांधलेली झेंडूची माळ पुढे दिवाळीपर्यंत तशीच राहते आणि वाळलेल्या पाकळ्या एसीच्या कंडेन्सरवर जमतात. तिथे आधीपासून किडे, चिखल आणि एखादी प्लास्टिकची पिशवी असतेच. पंखा पूर्ण ताकदीने फिरतो पण वारा शिरायला वाट नसते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की पाती पाण्यात फिरतात, वाकतात, कधी तुटतात, आणि मोटरमध्ये पाणी जाते. आणि उंदीर. बॉनेटखाली उबेला आलेला उंदीर शेकडो वायरींतून जी कुरतडतो तिच्या शोधात तीन दिवस जातात. त्यावर तंबाखू, डांबराच्या गोळ्या, फवारे असे सर्व उपाय प्रचारात आहेत. तंबाखू उंदराला आवडत नाही असे म्हणतात; मेकॅनिकला आवडते, त्यामुळे ती बॉनेटखाली टिकत नाही.

दोष सापडून दुरुस्त झाला की शेवटची परीक्षा उरते. एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवावी. काटा वर येईल, पंखा आपोआप लागेल, तापमान उतरेल, पंखा थांबेल. हे चक्र दोनदा पूर्ण होऊ द्यावे; एकदा लागणे योगायोगही असू शकतो. याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि त्यात बघण्यासारखे काही नसते. मेकॅनिकला दुसरी गाडी बोलावत असते, मालकाला ऑफिस. दुसऱ्यांदा पंखा थांबला की दुरुस्ती पूर्ण झाली असे मानावे आणि बिल चुकते करावे. ते बहुधा पंखा पहिल्यांदा लागण्याच्या आधीच चुकते झालेले असते.